वर्सोव्याला न पोचलेली जाधवबाई

मी जाधवबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचं तोंड घमेल्यात होतं.

घाटकोपरच्या एका शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. मधल्या सुट्टीत हात धुवायला मागच्या मोरीकडे गेले, तर एक उंच, हाडापेराने दणकट बाई दोन्ही हात कठड्यावर टेकून पाण्याने भरलेल्या घमेल्यात वाकलेली. कानापर्यंत पाण्यात. वर बुडबुडे येत होते. मी घाबरून "अहो बाई" अशी हाक मारली. तिने मान एका बाजूला वळवली, एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, तोंडाने श्वास घेतला आणि परत चेहरा पाण्यात घातला. आणखी बरेच बुडबुडे आले. मग पदराने तोंड पुसत ती सरळ झाली.

"पाण्यात श्वास सोडायला शिकावं लागतं," ती म्हणाली. "घ्यायला काय, कुणीही घेतं. तुम्ही नवीन का? डबा काय आणलाय?"

डब्यात सुकटीची चटणी होती. तिने तिच्यातली अर्धी संपवली, पण आपल्या डब्यातली गवारीची भाजी न विचारता माझ्या झाकणात वाढून. तिचं सगळं असंच होतं. विचारणं नाही, आभार नाही, हिशोब मात्र सरळ. ती चौथी ब ची वर्गशिक्षिका होती, वय अडतीस. आमच्या शाळेत बायका एकमेकींना आडनावाने हाक मारायच्या. पुढे आम्ही अगं-तुगं करायला लागलो तरी तिला मी जाधवबाई म्हणायचे आणि ती मला नुसतं सावंत. सुमन हे तिचं नाव मी फक्त तिच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं.

ती फार बोलत नसे. कुणी फार बोलायला लागलं की "मुद्द्याचं सांग रे" असं मुख्याध्यापिकेलासुद्धा म्हणून जायची आणि मग जीभ चावायची. मुलांना मारत नसे. पाढा चुकला की मुलाला शेजारी बोलवायची, श्वास रोखून धरायला लावायची आणि तेवढ्या वेळात स्वतः पाढा म्हणून दाखवायची. बावीसचा पाढा एका श्वासात ऐकलेली मुलं तो पुन्हा विसरत नसत. कोणी तिला धीट म्हटलं तर तिला राग यायचा. "धीट म्हणजे काय," म्हणायची, "ज्याला दुसरं काही सुचत नाही तो."

पोहायला तिला वडिलांनी शिकवलं होतं. गाव साताऱ्याकडचं. गावाच्या मोठ्या पायऱ्यांच्या विहिरीवर त्यांच्या वस्तीतल्या कुणाला पाय ठेवायची सोय नव्हती. वस्तीची वेगळी विहीर होती, अरुंद, काळोखी, उन्हाळ्यात तळाला जाणारी. पाठीला सुका भोपळा बांधून वडिलांनी तिला त्यात सोडलं. "गोल गोल पोहायचं," ती सांगायची. "दोन हात मारले की भिंत. मला वाटायचं, पोहणं म्हणजे गोलच असतं."

सरळ पोहणं तिला कधी सापडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शाळेची सहल गोराईला गेली होती. बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून आम्ही साठ-सत्तर मुलं घेऊन किनाऱ्यावर उतरलो. मुलं चेंडू खेळत होती, तो वाऱ्याने पाण्यात गेला आणि लाटांवरून आत आत जायला लागला. चेंडूचा मालक रडायला लागला. जाधवबाईने चपला काढल्या, साडीचा काष्टा मारला आणि चालत चालत पाण्यात गेली. गुडघे, कंबर, छाती, आणि मग ती आडवी झाली. पाच मिनिटांत ती चेंडूपाशी पोचली असती. आम्ही बघत होतो. चेंडू डावीकडे गेला आणि ती सरळ पुढे. आम्ही हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. मुख्याध्यापिका वाळूत खाली बसल्या. एक काळा ठिपका उरला, मग तोही दिसेना.

पाऊण तासाने ती परत आली. साडी अंगाला चिकटलेली, ओठ निळसर. मुख्याध्यापिकांकडे न बघता माझ्याशेजारी येऊन बसली आणि बराच वेळ दम खाल्ल्यावर म्हणाली, "सावंत, भिंत नाहीये गं तिकडे."

शाळेने तिला मेमो दिला. शिक्षिकेस न शोभणारे वर्तन, असं त्यात लिहिलं होतं. तिने तो वाचला, सही केली आणि खाली हिरव्या शाईने "शोभणारे" मधली राहिलेली मात्रा दिली.

त्यानंतरच्या रविवारी ती मला तिच्या घरी घेऊन गेली. टेकडीवरच्या चाळीत एक खोली, शेवटून दुसरी. तिचा नवरा अशोकभाऊ मोरीत तांदूळ धूत होता. माहुलच्या बाजूला एका कारखान्यात तो कामाला होता. बारीक अंगाचा, सतत खोकणारा आणि खोकल्यामध्येच विनोद करणारा माणूस. त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल दोघंही बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नाही. अशोकभाऊला पोहता येत नव्हतं. "मला अंघोळीला एक बादली पुरते," तो म्हणायचा. "तीसुद्धा उरते." पण गोराईची हकीकत त्याने तिच्याकडून इतक्या वेळा ऐकली होती की त्यानेच शाळेचा जुना नकाशा जमिनीवर पसरला आणि शिसपेन्सिलीने एक रेघ मारली. वर मनोरी, खाली वर्सोवा, मध्ये मढचा दांडा.

"साधारण दहा किलोमीटर," तो म्हणाला. "सुमन पोहत जाईल. सावंतबाई, तुम्ही होडीत बसाल?"

मी मालवणकडची. समुद्राकाठी वाढले, पण आमच्याकडे बायका समुद्रावर जायच्या त्या मासळी घ्यायला आणि नारळ वाहायला. मला पोहता येत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "दर्यात बायलमाणसान कित्याक जावचा? दर्यो कोणाचो नाय." तेव्हा गिरण्यांचा संप चालला होता, माझा थोरला भाऊ घरी बसलेला, घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. रविवारी घराबाहेर राहायला मला काहीतरी हवंच होतं. मी हो म्हटलं.

तयारी दोन वर्षं चालली.

मुलुंडला एका क्लबाचा तलाव होता. बायकांसाठी दुपारचा एक तास. तो शाळेच्या वेळेत यायचा, म्हणून तिने वर्षभर सकाळचं अधिवेशन मागून घेतलं. नाव नोंदवायला गेलो तेव्हा टेबलामागच्या माणसाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आडनाव?"

"जाधव."

"कुठले जाधव?"

"विहिरीतले," ती म्हणाली.

त्या माणसाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि बाहेर आल्यावर मी हसायला लागले. ती हसली नाही. पोहण्याचा पोशाख तिच्या मापाचा मिळेना, तेव्हा चाळीतल्या शिंप्याने शाळेच्या कवायतीच्या निळ्या कापडाचा एक शिवून दिला. तो ओला झाला की गोणपाटासारखा जड व्हायचा. तोच घालून ती त्या तलावात तास संपेपर्यंत इकडून तिकडे जात राहायची. इतर बायका कडेला पाय सोडून बोलत बसायच्या, तिच्या हाताचं पाणी उडालं की नाकं मुरडायच्या.

रविवारी आम्ही तिघं मालाडहून मार्व्याची बस धरायचो. तिथे किनाऱ्याला समांतर ती पोहायची. अशोकभाऊ वाळूवरून तिच्या बरोबरीने चालायचा, हातात लाल टॉवेल. टॉवेल वर केला की परत फिरायचं. दर अर्ध्या तासाने तो वहीत लिहायचा: वारा कुठला, पाणी कसं, सुमन कशी. "सुमन कशी" पुढे तो नेहमी "ठीक" लिहायचा. एकदा जेलीफिशने तिच्या मानेपासून काखेपर्यंत चटके दिले आणि ती वाळूवर लोळून दात खात होती, त्या दिवशीही त्याने "ठीक" लिहिलं. मी विचारलं तर म्हणाला, "उद्या वाचणार कोण आहे? तीच ना. तिने काय वाचावं ते मी ठरवणार."

माझं काम वेगळं होतं. समुद्रात लांब पोहणाऱ्याला होडीला किंवा होडीतल्या माणसाला हात लावता येत नाही. लागला की सगळं रद्द. म्हणून खाणं-पिणं लांबून द्यायचं. एका बांबूच्या टोकाला अशोकभाऊने पेल्याची कडी बसवली होती. त्यात ग्लुकोजचं पाणी घालून मी तो बांबू होडीतून पुढे करायचा आणि तिने पाय मारत मारत, उभ्याने प्यायचं. हे आम्ही आधी चाळीच्या गच्चीवर शिकलो. ती पाण्याच्या टाकीजवळ खाली बसायची, मी टाकीवर उभी राहून बांबू झुलवायचे. सगळी चाळ बघायला जमायची. पहिल्या दिवशी मी चार पेले तिच्या डोक्यावर ओतले.

त्या गच्चीवरच एके संध्याकाळी तिने माझ्याकडून वचन घेतलं.

"सावंत, मी ओरडले, रडले, शिव्या दिल्या, बाहेर काढ म्हटलं, तरी हात लावायचा नाही. मी शुद्धीवर आहे तोवर नाही. कबूल?"

"आणि बुडायला लागलीस तर?"

"मला बुडता येत नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. अशोकभाऊ साक्षीला होता. "लिहून ठेवू का वहीत?" असं त्याने विचारलंही, आणि मग त्याला खोकला आला तो थांबेचना. त्या दिवशी पहिल्यांदा जाधवबाई त्याच्याकडे बघून घाबरलेली मला दिसली.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्याला जिना चढवेनासा झाला. दवाखाने झाले, कामावरची रजा संपली. शेवटी मोठ्या इस्पितळात दाखल केलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसाभोवती पाणी झालंय, ते सुईने काढावं लागेल आणि ते पुन्हा पुन्हा होत राहील. पुढचं त्यांनी बाहेर बोलावून तिला एकटीला सांगितलं. ती आत आली तेव्हा अशोकभाऊ म्हणाला, "बघ, तू पाण्यात आणि पाणी माझ्यात." ती हसली. मग मोसंबं सोलायला लागली आणि साल काढता काढता आतल्या फोडीही सोलत राहिली, हातात नुसता चोथा उरेपर्यंत.

तारीख आधीच ठरली होती. थंडीतले, भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटी मवाळ असतात ते. ती म्हणाली, रद्द करते. तो म्हणाला, "मी इथे आडवा पडून दुसरं काय करू? मला दुपारपर्यंत काहीतरी काम दे. तू पोहतेस एवढं डोळ्यांपुढे ठेवतो. पोचलीस की येऊन सांग."

म्हणून ती गेली.

सकाळी साडेसहाला पाणी पूर्ण भरणार होतं. त्यानंतर ओहोटी लागते आणि ती आपल्याला दक्षिणेकडे, वर्सोव्याकडे नेते. सहा तास हाताशी. तिला साडेचार-पाच लागले असते. होडी मढच्या हरिश्चंद्र नाखव्याची होती. सहा वाजता मनोरीच्या वाळूवर मी तिच्या अंगाला व्हॅसलीन आणि एरंडेल चोळून तयार केलं. आता फक्त जलतरण संघटनेचे निरीक्षक यायचे होते. त्यांनी होडीत बसून नोंद केली तरच ते पोहणं मानलं जाणार होतं.

साडेसहा झाले, सात झाले. निरीक्षक आले नाहीत. जाधवबाई तशीच तेल चोपडलेली, टॉवेल गुंडाळून वाळूत बसून. नाखवा पाण्याकडे बघत होता. आठ वाजून गेल्यावर धापा टाकत एक साठीचे गृहस्थ आले. ते चुकून मार्व्याला उतरले होते आणि खाडीपलीकडे आम्हाला शोधत राहिले होते. बिचारे फार ओशाळले होते. "उद्या करू या का?" त्यांनी विचारलं.

"उद्या नाही," जाधवबाई म्हणाली आणि पाण्यात शिरली. साडेआठ झाले होते. ओहोटीचे दोन तास गेले होते.

पहिले तीन तास ही मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट होती. तो जड निळा पोशाख पाण्यात दिसतच नव्हता, नुसते हात दिसत होते, एकामागून एक, न थांबता, न घाई करता. दर अर्ध्या तासाने मी बांबू पुढे करायचे, ती प्यायची. एकदा म्हणाली, "केळं दे," एकदा म्हणाली, "किती वाजले?" आणि एकदा काहीच कारण नसताना म्हणाली, "गवताचा वास येतोय." निरीक्षकांनी वहीत वेळ लिहिली. त्यांचीही भीड चेपली होती. ते म्हणाले, "बाईंचा हात फार छान आहे हो."

मढच्या टोकाशी आलो तेव्हा साडेबारा होत आले होते. पुढे खाडीचं तोंड आणि त्याच्या पलीकडे वर्सोव्याची वाळू. वाळूवर उलट्या ठेवलेल्या होड्या दिसत होत्या, त्यांच्यामधून फिरणारी माणसं दिसत होती. कुणाच्या साडीचा रंग कोणता तेसुद्धा कळत होतं. पोहत फार तर अर्धा-पाऊण तास.

नाखव्याने हात पाण्यात घातला आणि म्हणाला, "पानी फिरला, बाय."

भरती सुरू झाली की त्या तोंडातून पाणी खाडीत शिरतं. ती हात मारत होती आणि जागच्या जागी होती. शेजारी एक खडक होता, त्याच्यावर पक्ष्यांची पांढरी विष्ठा पडलेली. तो खडक होडीच्या उजव्या अंगाला होता, पंधरा मिनिटांनीही तिथेच होता. मी ओरडून सांगितलं, "जाधवबाई, थोडंच राहिलंय." तिने मान वर केली नाही. मग तिचे हात मंद झाले. चेहरा पाण्याखाली गेला आणि जरा वेळाने वर आला. परत गेला, वर आला. ओठांच्या कडा मिठाने फाटल्या होत्या. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मी बांबू पुढे केला. पेला तिच्या कपाळाला लागून पाणी सांडलं तरी तिने हात पुढे केला नाही.

"बाई, काढायचं का?" निरीक्षकांनी तिला विचारलं.

"काढा, बाय," नाखवा मला म्हणाला. "खाडीत खेचील तिला."

चेहरा परत पाण्याखाली गेला. मी मोजायला लागले. वीसपर्यंत मोजल्याचं आठवतंय. मग मी होडीबाहेर वाकून तिचं मनगट धरलं.

ती एकदम वर आली. माझ्या हाताकडे बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. नाखव्याने आणि मी तिला आत घेतलं. निरीक्षकांनी टोपी काढली, घड्याळात बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. होडी वर्सोव्याच्या वाळूला लागली तेव्हा तिथल्या कोळणींनी तिच्या अंगावर गोधडी टाकली. एकीने विचारलं, "कुठशी आली गो?" तिने गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

तिथून आम्ही थेट इस्पितळात गेलो. तिच्या केसांत मीठ पांढरं वाळलं होतं. वॉर्डच्या दाराशी ती म्हणाली, "तू इथेच थांब." मी बाकावर बसले. दहा मिनिटांनी ती बाहेर आली.

"काय सांगितलंस?"

"झालं नाही म्हणून."

पुढच्या रविवारी मी त्याला भेटायला गेले. अशोकभाऊने मला येताना पाहिलं आणि कूस बदलली. मी खाटेशी उभी राहिले. तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "सावंतबाई, समोर वाळू दिसत होती ना? आणि तुम्हाला एक हात आवरता आला नाही?"

मी जाधवबाईकडे बघितलं. ती पेल्यात पाणी ओतत होती. पेला भरला, तिने तो त्याच्या उशाशी ठेवला आणि झाकण घातलं.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी चार-पाच वेळा गेले, मग जायचं सोडलं. पाच महिन्यांनी, मृगात, तो गेला. अंत्ययात्रेला पांढऱ्या कपड्यांतली चाळीतली माणसं, हातात मेणबत्त्या. पंचशील म्हणताना मी सगळ्यांच्या मागे उभी होते. पुढे जायचा मला धीर झाला नाही.

शाळेत मात्र ती आधीसारखीच माझ्या शेजारी बसून डबा खायची. भाजी वाढायची. समुद्राचं नाव ती काढत नसे आणि मीही काढत नसे. तलावाचं सभासदत्व संपलं, ते तिने पुढे चालू केलं नाही. घमेलं मोरीत पालथं पडलेलं असायचं, शिपाई त्यात फडकी भिजवायचा. एका वर्षाने तिने गोरेगावच्या शाळेत नोकरी धरली आणि दिंडोशीला नव्या वसाहतीत राहायला गेली. पत्ता तिने मला दिला होता. जायला मला दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांत, आणि त्याआधीच्या वर्षात, मी तिचं मनगट धरलं नाही असं रोज मनात केलं. कधी वीसच्या ऐवजी तीसपर्यंत मोजलं, कधी चाळीस. कधी ती आपोआप वर येऊन पोहायला लागायची. मुलांचे पेपर तपासता तपासता मी थांबायचे आणि माझा उजवा हात बघत बसायचे. माझं लग्न ठरलं, आणि पत्रिका द्यायचं निमित्त झालं, म्हणून एका शनिवारी दुपारी मी दिंडोशीला गेले.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. अशोकभाऊचा फोटो, त्याखाली बुद्धाची लहान मूर्ती. एक खाट, पाणी भरायची दोन मोठी पिंपं. ती केस पांढरे होऊन अचानक म्हातारी झाली होती. चहा केला, पत्रिका वाचली, नवरा काय करतो विचारलं. मग कपबश्या उचलता उचलता म्हणाली, "सावंत, तू हात लावलास ना, त्याच्या आधीच मी थांबले होते."

मला आधी कळलंच नाही.

"हात हलत होते ते नुसते तरंगायला," ती म्हणाली. "पोहत नव्हते मी. दहा मिनिटं तरी झाली असतील."

"दमली होतीस तू. पाणी फिरलं होतं."

"दमले होते. पण दमल्यावरही पोहतात, त्यासाठीच तर दोन वर्षं घातली. ते नव्हतं गं. समोर माणसं दिसत होती, आणि मला तिथे जायचंच नव्हतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजून कळत नाही. मी खूप शोधलं. काहीतरी कारण असतं तर बरं झालं असतं."

मी विचारलं, "मग अशोकभाऊंना काय सांगितलंस?"

"मी आत गेले तर तो उठून बसलेला. नर्सकडून पाठीला उशी मागून घेतली होती. केस विंचरले होते. म्हणाला, पोचलीस? मी थांबले, हे तोंडातून निघेना. म्हटलं, सावंतने ओढलं."

"पाच महिने होते तुझ्याकडे, जाधवबाई."

"होते. रोज वाटायचं, आज सांगू."

"मी त्याच्या मनातून उतरले."

"हो," ती म्हणाली. "नाहीतर मी उतरले असते."

ती मोरीत जाऊन कपबश्या विसळायला लागली. मी खाटेवर बसून राहिले. मला राग यायला हवा होता, किंवा हलकं तरी वाटायला हवं होतं. तसलं काही झालं नाही. इतकी वर्षं मी एक गोष्ट धरून बसले होते: मी मध्ये आले नसते तर ही बाई वर्सोव्याला पोचली असती. त्यासाठी स्वतःला कितीही बोल लावला तरी मनात कुठेतरी ती पोचत होती. वाळूवर उभी राहत होती. आता तेही राहिलं नाही.

"माफ कर म्हणणार नाही मी," ती मोरीतून म्हणाली. "तू करशील आणि मग मला बरं वाटेल. ते नको."

लग्नाला येशील का, असं मी निघताना विचारलं. ती म्हणाली, "बघते." ती येणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. बसस्टॉपपर्यंत सोडायला ती खाली आली. आम्ही दहा-पंधरा मिनिटं शेजारी शेजारी उभ्या होतो. तिने विचारलं, "तुझ्या आईची तब्येत कशी आहे?" मी बरी आहे म्हटलं. बस आली, मी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली.

तेवढ्यात वसाहतीतून कुणीतरी ओरडलं की पाणी आलं. बायका हंडे, बादल्या घेऊन खालच्या नळाकडे धावल्या. बसचा कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता, त्यामुळे बस उभीच होती. जाधवबाईने पदर खोचला आणि एका शेजारणीने पुढे केलेली कळशी घेऊन रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली, कळशी भरली. ती कमरेवर घेऊन जाधवबाई जिन्याकडे गेली. जिना बाहेरून उघडा होता, त्यामुळे मला ती दिसत होती. पहिल्या वळणावर तिने कळशी खाली ठेवली, कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग हात बदलून कळशी परत उचलली आणि वर चढायला लागली. दुसऱ्या वळणावर ती पुन्हा थांबली. बस सुटली.